पान पिवळे पडले, आता काय करावे? कुंडीतील झाडांच्या नेहमीच्या तक्रारी, त्यांचे निदान आणि उपाय

झाडाने मान टाकलेली दिसली की आपला हात आपोआप झारीकडे जातो, आणि कुंडीत वाढणारी बरीच झाडे नेमकी याच सवयीमुळे दगावतात. पाने मलूल होणे, पिवळी पडणे, टोके करपणे, कळ्या गळणे अशी झाडाची लक्षणे मोजकीच असतात. त्यांची कारणे मात्र अनेक असतात आणि कित्येकदा ती एकमेकांच्या अगदी उलट असतात. पाणी कमी पडलेले झाड आणि पाणी जास्त झालेले झाड लांबून सारखेच दिसते. म्हणून खत, औषध किंवा पाणी यांपैकी काहीही देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: कुंडीतील माती आत बोट घातल्यावर कशी लागते, बिघाड जुन्या पानांपासून सुरू झाला की नव्या पानांपासून, आणि पान उलटून पाहिल्यावर मागे काय दिसते. एवढे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण निम्म्याहून अधिक तक्रारींचे उत्तर तिथेच मिळते.

माती ओली असूनही झाड मलूल का होते?

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा असते, तेव्हा त्या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात, आणि कुंडीतील माती पाणी दिल्यानंतर लवकरात लवकर वाफशावर यावी, एवढेच पाणी देण्यामागचे खरे सूत्र आहे. पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळांपर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही, कारण तो हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे 10,000 पट कमी वेगाने पाण्यातून पसरतो. गुदमरलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, त्यामुळे पाण्यात उभे असलेले झाड तहानेने वाळू लागते. याच सुमारास पिथियम आणि फायटोफ्थोरा यांसारखे, बुरशीसारखे वाढणारे आणि पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारे सूक्ष्मजीव दुबळ्या मुळांवर हल्ला करतात आणि मूळकूज सुरू होते.

शंका आली तर अंदाज बांधत बसू नये, झाड कुंडीतून बाहेर काढावे. खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरून कुंडी उलटी करावी आणि तिच्या काठाला हलकेच ठोके द्यावेत, म्हणजे मातीचा गोळा अखंड सुटून येतो. निरोगी मुळे पांढरी किंवा मलईच्या रंगाची असतात आणि चिमटीत धरली तर टणक लागतात. कुजलेले मूळ गडद तपकिरी असते, आणि ते चिमटीत धरून ओढले की बाहेरची साल बाहीसारखी निसटून हातात येते, आत केवळ दोऱ्यासारखा तंतू उरतो. आंबूस, साचलेल्या पाण्यासारखा वास आला तर उरलीसुरली शंकाही फिटते. अशी सगळी मुळे टणक, पांढरा भाग लागेपर्यंत धारदार कात्रीने कापावीत आणि दर दोन-चार कापांनंतर कात्रीची पाती अल्कोहोलने पुसून घ्यावीत. जुनी माती पूर्ण झटकून टाकावी आणि झाड नव्या, भुसभुशीत मिश्रणात लावावे. कुंडी मात्र उरलेल्या मुळांच्या मापाची, म्हणजे बहुधा आधीपेक्षा लहान असावी. त्यानंतर झाड उजेडात पण उन्हाआड ठेवावे आणि नवे पान फुटेपर्यंत खताचा कणही देऊ नये, कारण जखमी मुळांना खतातील क्षार सोसत नाहीत. सगळीच मुळे गेली असतील तर मनीप्लांट किंवा फिलोडेंड्रॉनसारख्या वेलींचे निरोगी शेंडे पेराच्या, म्हणजे पान फुटते त्या गाठीच्या, खाली कापून पाण्यात ठेवावेत. मुळे पेरातूनच फुटतात, त्यामुळे निदान एक पेर पाण्यात बुडालेले असणे आवश्यक आहे.

हे पुन्हा होऊ नये म्हणून कुंडीच्या तळाला भोक असावे, आणि खालच्या ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून द्यावे. निचरा व्हावा म्हणून तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण तिचा उपयोग होत नाही. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच धरून ठेवले जाते. परिणामी ओल्या मातीचा थर खड्यांच्या उंचीइतका वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो. निचरा सुधारायचा असेल तर परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज दाणे) किंवा भरड वाळू तळाशी न घालता संपूर्ण मिश्रणात मिसळावी.

याच्या उलट तक्रारही असते. कोकोपीट किंवा तत्सम मिश्रण एकदा पूर्ण वाळले की ते पाणी झिडकारते; मातीचा गोळा आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतो आणि ओतलेले पाणी त्या फटीतून क्षणात खाली निघून जाते. खालून पाणी आले म्हणजे झाडाला पाणी मिळाले, असा समज होतो, पण मधला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या बादलीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास ठेवावी आणि मग निथळू द्यावी.

किती दिवसांनी पाणी द्यावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याला दिवसांत उत्तर देणारा सल्ला मी कधीही मानणार नाही. झाडाला किती पाणी लागते ते प्रकाश, तापमान, हवेतील ओलावा, कुंडीचे माप आणि पानांची संख्या यांवर ठरते. यांतील एकही गोष्ट वर्षभर सारखी राहत नाही. त्यामुळे दिवस न मोजता माती तपासावी. बोट दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण 4 ते 5 सेंटिमीटर आत घालावे, आणि तिथे ओल लागली तर पाणी देऊ नये. मोठ्या कुंडीत लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढली, तर तिच्यावरच्या ओलीच्या खुणेवरून आतली स्थिती कळते. लहान कुंडी सरळ उचलून पाहावी. पाणी दिल्यावरचे वजन आणि कोरडी असतानाचे वजन यांतला फरक हाताला एकदा कळला की पुन्हा बोट घालावेही लागत नाही. स्नेक प्लांट, कोरफड आणि इतर मांसल पानांच्या झाडांची माती तळापर्यंत कोरडी होऊ द्यावी. पीस लिली आणि नेचे यांची माती मात्र तितकी वाळू देऊ नये. पाणी देताना थोडे थोडे शिंपडू नये, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे, नाहीतर खालची मुळे कोरडी राहतात आणि क्षार वरच्या थरात साचतात.

पाने पिवळी का पडतात?

सर्वांत खालचे एखादे पान अधूनमधून पिवळे पडून गळत असेल तर ते वयोमानाने होते. त्याची काळजी करू नये. एकाच वेळी अनेक पाने पिवळी पडत असतील तर आधी वर सांगितल्याप्रमाणे मुळे आणि ओल तपासावी, कारण अन्नद्रव्याच्या कमतरतेपेक्षा पाण्याची चूक कितीतरी अधिक वेळा आढळते. ती नसेल तरच खताचा विचार करावा, आणि त्या वेळी पिवळेपणा कुठून सुरू झाला हे पाहणे महत्त्वाचे असते. नायट्रोजन आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात फिरू शकतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. नायट्रोजन कमी असेल तर खालचे अख्खे पान एकसारखे फिकट होते, मॅग्नेशियम कमी असेल तर शिरांच्या कडेने हिरवा पट्टा टिकून मधला भाग पिवळा पडतो. लोहाला मात्र असे स्थलांतर करता येत नाही, त्यामुळे त्याच्या अभावी शेंड्याची सर्वांत नवी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी स्पष्ट दिसते.

लोहाच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मातीत लोह पुरेसे असूनही झाडाला मिळत नाही, असे वारंवार घडते. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) 7 च्या वर गेला की लोह अविद्राव्य रूपात अडकून पडते, आणि जड, म्हणजे चुन्याचे क्षार जास्त असलेले, पाणी महिनोन्महिने घातल्याने कुंडीतील मातीचा सामू हळूहळू तसाच वर चढतो. जास्वंद, गार्डेनिया आणि लिंबूवर्गीय झाडांत हे विशेष दिसते. अशा वेळी साधे खत वाढवून काही साधत नाही. चिलेटेड स्वरूपातील, म्हणजे अशा मातीतही विरघळलेले राहणारे, लोह वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात द्यावे, आणि शक्य असेल तर साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. जे द्रव्य सर्वांत कमी आहे तेच वाढीची मर्यादा ठरवते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी 19 व्या शतकात सर्वांपर्यंत पोहोचवलेले तत्त्व कुंडीलाही तंतोतंत लागू पडते: जे कमी नाही ते कितीही घातले तरी झाड वाढत नाही, उलट क्षार तेवढे साचतात.

झाड नुकतेच एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवले असेल आणि पाने गळू लागली असतील, तर तीही बहुतेक वेळा बदलाची प्रतिक्रिया असते. फायकस बेंजामिना या बाबतीत विशेष हळवे आहे. ते झाड पुन्हा पुन्हा हलवू नये. एका जागी स्थिर ठेवले की काही आठवड्यांत नवी पाने फुटतात.

पानांची टोके तपकिरी का होतात?

शोषलेले पाणी पानांतून उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहून टोकांशी साचतात, म्हणून इजा आधी टोकांवर दिसते. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरट पापुद्रा दिसला तर खताचा अतिरेक किंवा क्षारयुक्त पाणी हे कारण जवळजवळ निश्चित समजावे. उपाय सोपा आहे: पापुद्रा खरवडून टाकावा, कुंडीच्या आकारमानाच्या निदान तीन-चार पट पाणी सावकाश ओतून वाहू द्यावे, आणि पुढे खताची मात्रा निम्मी करावी. ड्रॅसिना आणि स्पायडर प्लांट यांना पाण्यातील फ्लोराइडही सोसत नाही. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने मोकळा क्लोरीन उडून जातो, फ्लोराइड मात्र जात नाही, त्यामुळे या झाडांना पावसाचे पाणी घालणेच उत्तम.

हवा कोरडी असल्यानेही टोके करपतात, आणि त्यावर पानांवर पाणी फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. फवारलेले थेंब वाळेपर्यंतच हवेत ओलावा राहतो, त्यामुळे दिवसातून एकदा फवारून टिकाऊ फरक पडत नाही. झाडे एकमेकांजवळ ठेवल्याने त्यांच्या पानांतून निघणाऱ्या बाष्पाचा सर्वांना अधिक लाभ होतो. उन्हात पानांवर थेंब पडले की ते भिंगासारखे काम करून पान जाळतात, ही समजूतही बाजूला ठेवावी. हंगेरीतील संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुळगुळीत पानांवर तसे होत नसल्याचे दिसले. लव असलेल्या पानांवर थेंब पृष्ठभागापासून वर उचललेले राहतात, तिथेच काय तो धोका संभवतो. सकाळी पानांच्या कडेला आपोआप आलेले स्वच्छ थेंबही आजाराचे लक्षण नाहीत. रात्री मुळांनी घेतलेले जादा पाणी पानांच्या कडांवरील सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येते, एवढाच त्याचा अर्थ.

उजेड पुरेसा आहे हे कसे ओळखावे?

आपल्या डोळ्यांवर या बाबतीत विश्वास ठेवू नये, कारण ते अंधाराशी फार लवकर जुळवून घेतात. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे 1,00,000 लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) असते, तर आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत ती काहीशे लक्सच भरते. दुपारी पानांच्या वर साधारण 30 सेंटिमीटरवर हात धरून पाहावा. सावलीला स्पष्ट कडा असतील तर प्रकाश भरपूर आहे, पुसट पण ओळखू येणारी सावली पडली तर मध्यम आहे, आणि सावली दिसतच नसेल तर तिथे स्नेक प्लांट किंवा झीझी प्लांटसारखी झाडेही तग धरतील एवढेच, वाढणार नाहीत. पेरांमधले अंतर वाढणे, नवी पाने लहान होणे आणि सगळे झाड खिडकीकडे झुकणे ही कमी उजेडाची लक्षणे आहेत. कमी उजेडात झाड पाणीही कमी वापरते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. खिडकीतले झाड खोलीच्या कोपऱ्यात नेले आणि पाणी पूर्वीइतकेच देत राहिले तर मूळकूज फार दूर नसते. उलट बाजूने, घरातले झाड एकदम कडक उन्हात ठेवले तर पानांवर कागदासारखे पांढरट, वाळलेले डाग पडतात आणि ते कधीच भरून येत नाहीत. उन्हाची सवय दहा-पंधरा दिवसांत, रोज थोडा वेळ वाढवत लावावी.

किडींचा बंदोबस्त कसा करावा?

पहिले काम कीड नीट ओळखण्याचे असते. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण असतो. कोवळ्या शेंड्यांवर हिरव्या किंवा काळ्या मऊ किड्यांची दाटी असेल तर मावा. झाड हलवताच पांढरे ठिपके उडाले तर पांढरी माशी. आणि देठावर न हलणारे, नखाने खरवडल्यावर निघणारे तपकिरी उंचवटे असतील तर खवले कीड. पानावर टाचणीने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके आणि पानामागे अतिशय बारीक जाळे दिसले तर ती कोळी (स्पायडर माइट) नावाची कीड समजावी. खात्री करण्यासाठी पान पांढऱ्या कागदावर झटकावे आणि थोडे थांबावे. मिरीच्या पुडीसारखे पडलेले कण चालू लागले, तर कोळीच. हा कीटक नसून आठ पायांचा जीव आहे, त्यामुळे साध्या कीटकनाशकांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो अधिकच फोफावतो. उष्ण आणि कोरड्या हवेत त्याची एक पिढी जेमतेम आठवड्यात पूर्ण होते.

बहुतेक किडींवर पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा, तोही पानांच्या खालच्या बाजूने. त्यानंतरही कीड राहिली तर 1 लीटर पाण्यात 5 ते 10 मिलिलीटर सौम्य द्रवसाबण मिसळून फवारावा. साबण किडीच्या अंगाला लागला तरच काम करतो, वाळल्यावर त्याचा प्रभाव संपतो, म्हणून पान दोन्ही बाजूंनी निथळेपर्यंत भिजले पाहिजे. कडुनिंबाचे तेल वापरायचे असेल तर 1 लीटर कोमट पाण्यात 5 मिलिलीटर तेल घ्यावे आणि ते मिसळण्यासाठी साबणाचे थोडेच थेंब घालावेत. दोन्ही फवारे आधी एका पानावर करून दोन दिवस वाट पाहावी, आणि फवारणी संध्याकाळीच करावी, कारण तेल लागलेली पाने उन्हात भाजतात. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ती एकेक करून पुसणे अधिक परिणामकारक ठरते. एकदा फवारून कीड गेली असे मानणे ही इथली नेहमीची चूक आहे. अंडी फवाऱ्यातून वाचतात, म्हणून दर 5 ते 7 दिवसांनी निदान तीन-चार वेळा फवारणी करावी.

झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली तर तिच्याकडेही लक्ष द्यावे. मावा आणि पिठ्या ढेकूण चिकट, गोड स्राव सोडतात. मुंग्या त्या स्रावासाठी या किडींना शत्रूंपासून राखतात. पानांवर धरणारी काळी काजळी याच स्रावावर वाढलेली बुरशी असते. ती ओल्या फडक्याने पुसून निघते, पण मूळ कीड जाईपर्यंत पुन्हा येत राहते.

कुंडीभोवती घोंगावणाऱ्या बारीक काळ्या माश्यांचे कारण सतत ओला राहणारा मातीचा वरचा थर हे आहे. त्यांच्या अळ्या वरच्या 5 सेंटिमीटरमध्येच राहतात. तो थर प्रत्येक वेळी कोरडा होऊ दिला आणि उडणाऱ्या माश्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावले, तर तीन-चार आठवड्यांत त्यांचे चक्र तुटते. उपद्रव मोठा असेल तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू असलेले उत्पादन पाण्यातून द्यावे.

नवे झाड घरी आले की ते निदान दोन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवावे. वर लिहिलेल्यापैकी बरेच श्रम एवढ्या एका शिस्तीने वाचतात.

भुरी आणि पानांवरचे डाग

पानांवर पिठासारखा पांढरा थर म्हणजे भुरी. तिला रुजण्यासाठी पान ओले असावे लागत नाही. दमट, कोंदट हवा आणि सावली पुरते. दाट फांद्या विरळ कराव्यात आणि रोगट पाने काढून टाकावीत. करपा आणि काळे ठिपके यांना मात्र पानावर काही तास पाणी टिकावे लागते, म्हणून सकाळी आणि मुळाशीच पाणी द्यावे. रोगट पाने कंपोस्टमध्ये टाकू नयेत.

फुले येतात, पण फळ का धरत नाही?

काकडी, दोडका, भोपळा यांच्या वेलींवर नर आणि मादी फुले वेगळी असतात. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात आणि गळून पडतात. तो रोग नाही. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखावे. मधमाश्या पोहोचत नसतील तर सकाळी नुकतेच उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागांनी माखलेला भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी भाग एकत्रच असतात, त्यामुळे फुलांचा घोस बोटाने टिचकी मारून हलवला तरी पुरते. मात्र दिवसाचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या वर किंवा रात्रीचे 13 अंशांच्या खाली गेले की फुले गळतात, आणि तेव्हा वाट पाहण्याखेरीज उपाय नसतो. झाड हिरवेगार, दाट आणि फुलांविना असेल तर नायट्रोजनयुक्त खत थांबवावे.

टोमॅटो किंवा ढोबळी मिरचीच्या फळाचा देठाविरुद्धचा भाग काळा, चामड्यासारखा झाला तर तो बुरशीचा रोग समजून फवारणी करू नये. फळापर्यंत पुरेसे कॅल्शियम न पोहोचल्याने असे होते, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतेच. ते पाण्याबरोबरच वर चढते, त्यामुळे माती एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिंब अशी राहिली की फळाचा पुरवठा तुटतो. मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर घालावा, ओल एकसारखी ठेवावी आणि काळी पडलेली फळे लगेच तोडावीत. त्यांच्या मागून धरणारी फळे बहुधा निकोप येतात.